कोकणात रग्बी बघायची तर ॲप घ्यावं की चॅनेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात रग्बी बघणार कोण, असं मुंबईतली मंडळी हसत विचारतात. बोटीवर नोकरी केलेली माणसं इथे गावोगावी आहेत, आणि ऑकलंड, डर्बन, कार्डिफच्या बंदरात उतरलेल्याला हा खेळ टाळता येत नाही. रत्नागिरी-रायगडातल्या कोकणी मुसलमान कुटुंबांचे केपटाऊनशी शंभराहून जास्त वर्षांचे लागेबांधे आहेत. तिकडचा भाचा फोनवर स्प्रिंगबॉक्सखेरीज, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाखेरीज, दुसरं काही बोलत नाही, मग मामाही बघायला लागतो. त्यात आता मुंबईत लीग सुरू झाली. तेव्हा प्रश्न येतातच, आणि बरेचसे तेच ते असतात.

थोडक्यात सांगा, ॲप की चॅनेल?

बहुतेक जण आधी रिचार्ज मारतात आणि मग मॅच शोधत बसतात. क्रम उलटा ठेवा. आधी स्पर्धा कुणाकडे आहे ते बघा. मग तुमच्या घरापर्यंत काय धड पोचतं ते बघा: डीटीएचची छत्री, केबल, फायबर की नुसती मोबाईलची रेंज. पैशाचा हिशेब सगळ्यात शेवटी.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारी-मार्चच्या सिक्स नेशन्सला, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेला, ॲप पुरेसं आहे. जुलै-ऑगस्टच्या मॅचेससाठी, घरात केबलची तार असेल तर, ती तोडू नका. का ते पुढे सांगतो.

स्पर्धा कुणाकडे आहे हे कसं कळणार? दर वेळी ॲप का बदलतं?

कारण हक्क काही वर्षांपुरतेच विकले जातात आणि देशागणिक वेगळे विकले जातात. सिक्स नेशन्स एकाकडे, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या मॅचेस दुसऱ्याकडे, वर्ल्ड कप तिसऱ्याकडे. फ्रान्सची टॉप १४ लीग तिकडे वर्षानुवर्षं कनाल प्लुसकडे आहे म्हणून इथेही ती त्याच नावाखाली सापडेल, असं नाही. ‘गेल्या वर्षी अमुक ॲपवर होतं’ या माहितीला काडीची किंमत नाही.

स्पर्धेच्या स्वतःच्या वेबसाइटवर ‘कुठे बघाल’ असं पान असतं, त्यात भारत शोधा. ते पान स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात बघावं, त्याआधी बघितलं तर जुनंच लिहिलेलं सापडण्याची शक्यता जास्त.

भारतात एखाद्या स्पर्धेचे हक्क कुणीच घेतले नाहीत, असंही होतं. अशा वेळी वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचं स्वतःचं रग्बीपास टीव्ही कामाला येतं. ते २०२३ मध्ये सुरू झालं, फुकट आहे, नुसतं नाव नोंदवावं लागतं. ज्या देशात हक्क विकले गेलेले नाहीत तिथे वर्ल्ड रग्बीच्या स्पर्धा त्यावर थेट दिसतात. हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं आणि ते तीन-तीन ॲपचे पैसे भरून बसतात.

रग्बीला पैसेच का मोजावे लागतात? दूरदर्शनवर का नाही?

आपल्याकडे २००७ चा कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खाजगी चॅनेलला प्रसार भारतीसोबत वाटून घ्यावं लागतं. त्या यादीत भारताचं क्रिकेट आहे, ऑलिम्पिक आहे. रग्बीची सिक्स नेशन्स किंवा वर्ल्ड कप त्यात नाही. ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, खेळतात, तेवढ्यापुरती दूरदर्शनवर आशा. तीही भारतीय खेळाडू त्याच वेळी दुसरीकडे कुठे पदकाच्या जवळ नसतील तर.

पण खरं उत्तर याहून जुनं आहे. रग्बी हा खेळ आज ज्या रूपात आपण बघतो तो पे टीव्हीनेच घडवलाय. १९९५ चा वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिकेत झाला. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या तीन संघटनांनी रुपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पशी दहा वर्षांचा करार जाहीर केला. रक्कम होती साडेपंचावन्न कोटी अमेरिकी डॉलरच्या घरात. तोपर्यंत रग्बी युनियनच्या, म्हणजे पंधरा-पंधरा जणांच्या या रग्बीच्या, खेळाडूला खेळायचे पैसे घ्यायला अधिकृत बंदी होती. त्याच ऑगस्टमध्ये ती बंदी उठली. पुढच्या वर्षी सुपर १२ ही त्या तीन देशांतल्या संघांची स्पर्धा सुरू झाली.

१९९६ मध्ये इंग्लंडने आपल्या घरच्या सामन्यांचे हक्क एकट्यानेच स्काय या पे टीव्ही कंपनीला विकले, पाच वर्षांसाठी ८ कोटी ७५ लाख पौंडांना. बाकीचे देश इतके भडकले की इंग्लंडला तेव्हाच्या फाइव्ह नेशन्समधून काढूनच टाकलं. नंतर समेट झाला. म्हणजे सामना मोकळ्या चॅनेलवर दाखवायचा की पैसे घेऊन, हे भांडण तिकडे तीस वर्षं चाललंय. ब्रिटनमध्ये सिक्स नेशन्स आजही आयटीव्ही आणि बीबीसीवर विनामूल्य दिसते, २०२९ पर्यंत तसा करार आहे. आपण मात्र त्यांच्या घरात राहत नाही.

पावसात छत्री बंद पडते. केबल बरी का?

रग्बीच्या बाबतीत कोकणात हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

घरावरची डीटीएचची छत्री केयू बँडवर चालते, म्हणजे ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास. त्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटर. मुसळधार पावसाचे टपोरे थेंब या लहरी शोषतात आणि विखरून टाकतात, त्यात छत्री जेमतेम साठ सेंटिमीटरची. पुण्यात हे वर्षातून चार-पाचदा होत असेल. इकडे आषाढात सरीवर सर येते तेव्हा संध्याकाळभर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ एवढंच वाचत बसायचं.

केबलवाल्याच्या गच्चीवरच्या मोठ्या छत्र्या बघितल्यात? त्या सी बँडच्या, ४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. लहर साडेसात सेंटिमीटरची, पावसाला फारशी दाद देत नाही, आणि छत्रीही दोन-तीन मीटरची. त्यामुळे त्याच सरीत शेजारच्या केबलवर चित्र स्वच्छ आणि आपल्या छत्रीवर अंधार. नवा बॉक्स घेऊन यात फरक पडत नाही.

छत्रीच ठेवायची असेल तर मे महिन्यात, कौलं शाकारायच्या वेळीच तिच्याकडे बघून घ्या. आपल्या किनाऱ्यावरून हे उपग्रह आग्नेयेकडे, बरेच वर दिसतात. त्या दिशेला नारळाची झावळ किंवा आंब्याची फांदी आली असेल तर उन्हाळ्यात कसंबसं चालतं आणि पानं भिजली की बसतं. दुसरं म्हणजे खारी हवा. एलएनबीच्या, म्हणजे छत्रीपुढच्या दांड्यावर सिग्नल पकडायला बसवलेल्या डबीच्या, तोंडाशी वायर जिथे फिरवून बसवतात तो जोड उघडून बघा. आतली तांब्याची तार हिरवी पडलेली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोड बसवा आणि वरून पाणी जाणार नाही अशी चिकटपट्टी घट्ट गुंडाळा. क्लॅम्पचे नट गंजून छत्री एका बाजूला लवते, वाऱ्याने बोटभर हलली तरी उपग्रह सुटतो. टेक्निशियनला पावसात बोलावलंत तर तो पाऊस उघडल्यावर येतो, तेव्हा सिग्नल आपोआप आलेला असतो आणि भेटीचे पैसे मात्र द्यावे लागतात.

म्हणजे पावसाळ्यात रग्बी असते तरी का?

असते, आणि चांगली असते. युरोपचे संघ जुलैमध्ये दक्षिण गोलार्धात जातात. ऑगस्ट-सप्टेंबर हा एरवी रग्बी चॅम्पियनशिपचा काळ, त्यात न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि २०१२ पासून अर्जेंटिना. २०२६ च्या जुलैपासून नेशन्स चॅम्पियनशिप हा नवा प्रकार आलाय: सिक्स नेशन्सचे सहा देश, आत्ता सांगितलेले दक्षिणेकडचे चार, शिवाय जपान आणि फिजी. त्याच्या मॅचेस जुलै आणि नोव्हेंबरमध्ये, शेवट नोव्हेंबरअखेर लंडनला. थोडक्यात, रग्बीचा अर्धा मोसम आपल्या पागोळ्यांखाली जातो.

वेळा काय असतात?

न्यूझीलंडमध्ये हिवाळ्यातली संध्याकाळची मॅच म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमाराला. शनिवारी जेवणाचं ताट घेऊन बसावं अशी वेळ. ऑस्ट्रेलियातली दुपारी तीन-सव्वातीन. दक्षिण आफ्रिकेतली पाचची मॅच आपल्याकडे साडेआठनंतर, म्हणजे घरच्यांच्या मालिकांच्या तोंडावर. सिक्स नेशन्स शनिवारी साधारण पावणेआठ आणि सव्वादहाला, आणि रात्रीची मॅच थेट पावणेदोनला. ती दुसऱ्या दिवशी ॲपवर बघावी, फक्त सकाळी फोनच्या सूचना बंद करून झोपावं.

ॲपसाठी नेट किती लागतं?

हिशेब सोपा आहे. एचडीला साधारण ५ एमबीपीएस धरा, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. मॅच ८० मिनिटांची असली तरी मध्यंतर, दुखापती आणि व्हिडिओ पंचांची खलबतं धरून दोन तास सहज जातात. म्हणजे साडेचार जीबी. चित्राचा दर्जा उतरवून दीड एमबीपीएसवर आणलात तर तीच मॅच १.३५ जीबीत बसते. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाईल पॅकमध्ये एवढंच शक्य आहे. फोनवर ते चालतं. मोठ्या टीव्हीवर मात्र रकमध्ये, म्हणजे खाली पडलेल्या चेंडूवरच्या झुंबडीत, पंधरा-वीस तंगड्यांत चेंडू कुठे आहे ते कळत नाही.

सेव्हन्स बघणाऱ्यांची चैन आहे. सात-सात मिनिटांचे दोन भाग, मॅच वीस मिनिटांत आटोपते. मोबाईलच्या पॅकवर दिवसभरात चार-पाच मॅचेस आरामात होतात.

आमच्याकडे फायबर आहे, तरी चित्र अडकतं. का?

आधी भिंतीवरच्या डब्याकडे बघा. त्यावर ‘लॉस’चा दिवा लाल लागला असेल तर बाहेर कुठेतरी तार तुटली आहे. आपल्याकडे फायबर पोफळीच्या बागांतून खांबाखांबावरून लोंबत येतं, फांदी पडली की खलास. अशा वेळी डबा बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही, सरळ केबलवाल्याच्या पोराला फोन करा.

लाल दिवा नसेल तर दोष बहुतेक घरातच आहे. जांभ्याची भिंत फूट-दीड फूट जाडीची, तिच्यातून वायफाय जाताना त्याचा जीव जातो. राऊटर माजघरात आणि टीव्ही पडवीत असेल तर कितीही एमबीपीएसचा प्लॅन घ्या, उपयोग नाही. राऊटरपासून टीव्हीपर्यंत एक लॅन केबल टाकून घ्या. चार-पाचशे रुपयांचं काम आहे आणि महागड्या प्लॅनपेक्षा जास्त फरक पडतो. केबल नकोच असेल तर टीव्हीला २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो.

आमच्या वाडीत फायबर नाही. रेंज फक्त सड्यावर येते.

मग छत्री किंवा केबल. हट्ट करू नका. टॉवर डोंगराच्या पलीकडे असला की खाडीकाठच्या वाडीत दोन काड्यांवर थेट मॅच चालत नाही. संध्याकाळी सगळे फोन घेऊन बसले की त्या दोन काड्याही नावापुरत्या. ॲपवर मॅच संपल्यानंतर मुख्य क्षणांचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे येतात. ते सड्यावर जाऊन उतरवून घ्यायचे आणि घरी बघायचे, असं करणारे आहेत.

लाईट गेली तर?

टीव्ही गेलाच, इन्व्हर्टर असेल तरच वाचला. पण बहुतेक राऊटर आणि फायबरचे डबे १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, दोन-तीन तास खेचतो. मग मॅच फोनवर पुढे बघता येते. आजूबाजूला काळोख आणि हातात वेलिंग्टनचं लखलखतं मैदान, मजा असते. अडचण पुढे येते. तुमचा डबा चालू असून उपयोग नाही, केबलवाल्याच्या ऑफिसातली बॅटरीही चालू असावी लागते. मोबाईल टॉवरचंही तेच, काही तासांनी तोही मान टाकतो. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, त्यानंतर दापोली-मंडणगडाकडे कितीतरी दिवस ना लाईट ना रेंज. अशा वेळी रग्बीचं नावही कुणी काढत नाही.

ॲपवर मॅच उशिरा दिसते असं म्हणतात, खरं का?

खरं आहे. ॲप चित्राचे छोटे छोटे तुकडे करून पाठवतं आणि तुमचा फोन दोन-चार तुकडे साठले की मग दाखवायला लागतो. त्यामुळे चॅनेलच्या मागे वीस-तीस सेकंद, कधी त्याहून जास्त. एकटे बघत असाल तर काही बिघडत नाही. पण केपटाऊनचा भाचा व्हॉट्सॲपवर असेल तर इकडे स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांची डोकी भिडवून रेटारेटी, लागायच्या आत तिकडून ट्रायचा, म्हणजे चेंडू पलीकडच्या रेषेपार टेकवल्याचा, आरडाओरडा येतो. ग्रुप म्यूट करा, दुसरा इलाज नाही.

ऐन मॅचला ॲप बसलं तर? मोठ्या कंपन्यांचं असं होतं का?

मोठ्या कंपन्यांचं, रग्बीवेड्या देशातही झालंय. २०१९ च्या वर्ल्ड कपचे न्यूझीलंडमधले हक्क स्पार्क स्पोर्ट या ॲपने घेतले होते. तिथे पे टीव्हीवर रग्बी बघायची वीसहून जास्त वर्षांची सवय, त्यामुळे लोक आधीच धास्तावलेले. २१ सप्टेंबरला न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. स्पर्धेतली पहिली मोठी मॅच, आणि चित्र अडखळायला लागलं. शेवटी उत्तरार्ध टीव्हीएनझेडच्या ड्यूक या मोकळ्या चॅनेलवर दाखवावा लागला. स्पार्क स्पोर्ट २०२३ मध्ये बंदच झालं.

पण ऑस्ट्रेलियात उलट घडलं. तिथे सुपर रग्बी, म्हणजे आधीची सुपर १२, पहिल्यापासून फॉक्सच्या पे चॅनेलवर होती, २०२१ पासून ती स्टॅन स्पोर्ट या ॲपवर गेली आणि तिथेच टिकली. तेव्हा ॲप म्हणजे बेभरवशाचं, असं सरसकट म्हणता येत नाही. आपल्याकडे तर रग्बीच्या मॅचला क्रिकेटसारखे कोट्यवधी लोक एकदम चढत नाहीत. ॲप रग्बीने बसायची भीती नाही. त्याच वेळी भारत-पाकिस्तान चालू असेल तर सांगता येत नाही.

खर्चाचं काय?

घरात बॉक्स आधीच असेल तर चॅनेल स्वस्त पडतं, हे लोकांना पटत नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे २०१९ पासून तुम्ही एकेक चॅनेल सुटं घेऊ शकता आणि त्याची किंमत बॉक्सच्या कार्यक्रमसूचीत दिसते. १९ रुपयांवरचं चॅनेल पॅकेजात घालता येत नाही, म्हणून कंपन्या सहसा १९ वरच थांबतात. १९ अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे २२ रुपये ४२ पैसे महिना, वर्षाचे २६९ रुपये. वरून नेटवर्कची फी वेगळी. ती पूर्वी १३० रुपयांवर बांधलेली होती, जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादा काढली, त्यामुळे आता प्रत्येकाची निराळी. केबलवाला ‘सुटं चॅनेल देता येत नाही, स्पोर्ट्सचं अख्खं पॅकेज घ्या’ म्हणाला तर शांतपणे नियम सांगा. तो ऐकेल. नाही ऐकला तर गावात दुसरा केबलवाला नसतो, हेही खरं.

खोच वेगळीच आहे. कंपनीकडे चॅनेल मोजकी असतात. त्यावर क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल, कुस्ती भरून उरलं तर रग्बी. शनिवारी सिक्स नेशन्सच्या दोन मॅचेस असतील तर एक चॅनेलवर लागते आणि दुसरी फक्त ॲपवर. कधी ऐनवेळी चॅनेलच बदलतात. ज्याला सगळ्या मॅचेस बघायच्या आहेत त्याला ॲपशिवाय गत्यंतर नाही. ज्याला आठवड्याला एक बघून समाधान आहे त्याने २२ रुपयांचं चॅनेल घ्यावं.

ॲप घेताना दोन गोष्टी. महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा प्लॅन घ्या, वर्षाचा नको. सिक्स नेशन्स सहा आठवड्यांत संपते. आणि ‘फक्त मोबाईल’वाला स्वस्त प्लॅन घेतलात तर तो टीव्हीवर लागत नाही. मग दुकानदाराशी भांडू नका, तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. स्पर्धा संपली की ऑटो पे बंद करा, फोनमधल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन. नुसतं ॲप काढून टाकल्याने पैसे जायचे थांबत नाहीत.

गावचं घर वर्षभर बंद असतं, फक्त गणपती-शिमग्याला येतो. काय घेऊ?

ॲप. मुंबईतलं खातं इथेही चालतं. बंद घरातला बॉक्स रिचार्ज संपून पडून राहतो, पुन्हा चालू करताना हिशेब कळत नाही, आणि दमट हवेत रिमोटला बुरशी येते ती वेगळी.

होमस्टे आहे. पाहुण्यांना मॅच दाखवली तर चालेल ना?

तारकर्ली-गुहागरकडचे बरेच जण विचारतात. खोलीतला पाहुणा स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या खात्याने बघत असेल तर प्रश्न नाही. पण तुम्ही घरगुती कनेक्शन घेऊन डायनिंग हॉलमध्ये सगळ्यांना मॅच दाखवलीत तर ते व्यावसायिक वापरात मोडतं. डीटीएच आणि केबलला व्यावसायिक ग्राहकाचे दर निराळे आहेत. ॲपच्या अटींत तर ते वैयक्तिक वापरापुरतंच असल्याचं लिहिलेलं असतं. केबलवाल्याकडून व्यावसायिक जोडणी घ्या, सोपं पडेल. पाहुण्याला चांगलं वायफाय द्या, बाकीचं तो बघेल.

टेलिग्रामवर फुकट लिंक येते. परदेशी ॲप व्हीपीएनने लावलं तर?

फुकट लिंक चोरीची असते, आणि मॅचपेक्षा जुगाराच्या जाहिरातीच जास्त दिसतात. ‘प्लेअर उतरवा’ म्हणतं ते तर अजिबात उतरवू नका, त्याच फोनमध्ये तुमची बँक आहे. व्हीपीएनचं, म्हणजे आपण परदेशातून बघतोय असं ॲपला भासवण्याचं, म्हणाल तर परदेशी ॲपच्या अटींचा तो भंग आहे, खातं बंद झालं तर पैसे परत मागायला तोंड राहत नाही. त्यांना बऱ्याचदा त्यांच्याच देशातलं कार्डही लागतं.

घरचे म्हणतात, ही काय मारामारी लावलीये?

यावर चॅनेल किंवा ॲप कुणाचंच औषध नाही. मालवणला माझी एक मावशी पडवीत तांदूळ निवडता निवडता तिरक्या डोळ्याने बघत होती. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “बॉल पुढे टाकूचो नाय, मगे पुढे जातत कसे ते?” अख्ख्या खेळाचं मर्म तिने एका वाक्यात पकडलं. हाताने चेंडू फक्त मागे किंवा आडवा द्यायचा. पुढे जायचं तर पळून नाहीतर लाथ मारून. पकडीचं मात्र तिला समजवावं लागलं नाही. कबड्डी बघितलेल्या माणसाला कमरेखालची पकड लगेच कळते, फक्त इथे खाली पडलेल्याने चेंडू सोडून द्यायचा असतो एवढंच सांगायचं.

आणखी एक गोष्ट दाखवा: रग्बीत पंचाच्या छातीवर माईक असतो आणि तो खेळाडूंना काय बजावतोय ते सगळं घरी ऐकू येतं. एकशेवीस किलोचा गडी समोर मान खाली घालून ‘येस सर’ म्हणतो, ते बघून मारामारीची तक्रार निम्मी कमी होते.

भारताचा यात काही संबंध आहे का, की नुसता साहेबांचा खेळ?

दरवर्षी सिक्स नेशन्समध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या करंडकासाठी खेळतात तो कलकत्ता कप. कलकत्ता फुटबॉल क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले चांदीचे २७० रुपये वितळवून १८७८ मध्ये तो घडवला. नागाच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती. कॅमेरा जवळ नेतात तेव्हा बघा.

आजचं म्हणाल तर भारतीय रग्बी संघटनेचं कामकाज मुंबईतून चालतं, अध्यक्ष अभिनेते राहुल बोस, जे स्वतः भारताकडून खेळलेत. रग्बी प्रीमियर लीगचा पहिला मोसम जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला. सहा संघ, सात-सात खेळाडू, चार-चार मिनिटांचे चार भाग. चेन्नई बुल्स जिंकले. स्टार स्पोर्ट्स आणि जिओहॉटस्टार दोन्हीवर दिसत होतं. म्हणजे एकदा तरी ‘ॲप की चॅनेल’ हा प्रश्न निव्वळ आवडीचा उरला होता. तेही नेमकं पाऊस सुरू होताना.

२०२७ च्या वर्ल्ड कपसाठी आत्तापासून काही करून ठेवायचं का?

पैसे भरून ठेवू नका, तारा नीट करून ठेवा. स्पर्धा ऑस्ट्रेलियात आहे, १ ऑक्टोबरला पर्थला सुरू आणि १३ नोव्हेंबरला सिडनीत अंतिम सामना. पहिल्यांदाच २४ संघ. सिडनीतली संध्याकाळची मॅच आपल्याकडे दुपारी दोन-अडीचला, पर्थमधली पाच-साडेपाचला. मध्येच दिवाळी, म्हणजे घरात माणसं भरपूर आणि रिमोट एक.

ऑक्टोबरात पाऊस परतताना दुपारनंतर विजा कडाडतात, पर्थच्या मॅचेस नेमक्या त्याच वेळेला येतील. गडगडाट सुरू झाला की छत्रीची वायर बॉक्समधून आणि बॉक्सचा प्लग भिंतीतून काढून ठेवा. फायबरची तार काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. पण डब्याचा ॲडॅप्टर लाईटच्या तारेवर आहे, तोही काढा. तोवर मॅच फोनवर, मोबाईल डेटा चालू करून.